फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर? – घरातला स्प्रे, १०८ आणि पुढचा अर्धा तास

रानजाई

फिटच्या प्रथमोपचारावर इथे बरेच लिहून झाले आहे. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, चष्मा काढा, गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करा. बहुतेकांना हे आता पाठ आहे आणि ते बरोबरच आहे. पण एवढे सगळे नीट करूनही फिट थांबलीच नाही तर काय करायचे, हे कुणी फारसे लिहीत नाही. म्हणून हा धागा.

माझ्या धाकट्या भावाला शाळेत असल्यापासून एपिलेप्सी आहे. त्याच्या बहुतेक फिट दीड-दोन मिनिटांत आपोआप संपतात, मग तो घोरत झोपतो आणि तासाभराने चहा मागतो. मात्र तो स्टेटसमध्येही जाऊन आलेला आहे. पूर्ण शब्द 'स्टेटस एपिलेप्टिकस'. सर्वांगाला झटके येणारी फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा एक फिट संपून माणूस शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर तिला नेहमीची फिट समजायचे नाही. हार्ट अॅटॅकला जी धावपळ करतो तीच इथे करायची.

आमच्या घरात यासाठी कामे वाटलेली आहेत. फिट सुरू झाली की एकाने फक्त घड्याळ बघायचे. मोबाइलचा स्टॉपवॉच चालतो, व्हिडिओ घेतला तर आणखी चांगले, कारण त्यात वेळही मोजली जाते आणि डॉक्टरांना झटके कसे होते तेही दिसते. घाबरलेल्या माणसाला अर्धे मिनिट पाच मिनिटांसारखे वाटते. उलट, हॉस्पिटलात विचारले की खरोखरच्या आठ मिनिटांना "दोनेक मिनिटे असेल" असे सांगणारेही मी पाहिले आहेत. दुसऱ्याने त्याला कुशीवर करून जवळ बसायचे. तीन मिनिटे झाली की मिडाझोलामचा (फिट थांबवणारे औषध) नाकातला स्प्रे कपाटातून काढून हातात ठेवायचा, पाच झाली की मारायचा आणि त्याच वेळी १०८ लावायचा. आमच्या डॉक्टरांनी हे सगळे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून दिले आहे. काहींना पाचाच्या आधीच द्यायला सांगतात, ते ज्याच्या त्याच्या इतिहासावर असते.

तुमच्याकडे काय व्यवस्था आहे? गावाकडे, शाळेत, प्रवासात? डॉक्टर मंडळींनीही लिहावे.

अर्धाकप

चांगला विषय. पण पाचच मिनिटे का? माझे एक नातेवाईक जुने एमबीबीएस, ते ठामपणे सांगतात की स्टेटस म्हणजे अर्धा तास. मग मधली पंचवीस मिनिटे कुठे गेली?

वाडीकर

आमच्याकडे चुलत्याला फिट यायची. चप्पल हुंगवली की दोन मिनिटांत थांबायची. दर वेळी. हसू नका, डोळ्यांनी बघितले आहे. कांद्यानेही थांबते.

स्टेथो

@वाडीकर, तुम्ही पाहिले ते खरेच आहे, पण श्रेय चपलेचे नाही. सर्वांगाला झटके येणारी फिट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपली आपण थांबते. चप्पल शोधून आणेपर्यंत एक मिनिट जाते, ती नाकाशी धरून एक मिनिट जाते, आणि फिट तिच्या वेळेला थांबते. किल्ल्यांचा जुडगा, कांदा, लोखंडी पळी, सगळ्यांची कीर्ती अशीच वाढलेली आहे. खरी गोची ज्या फिट थांबणार नसतात त्यांत होते. तिथे चप्पल झाल्यावर कांदा, कांदा झाल्यावर शेजारच्या काकूंचा उपाय, असे करत नेमकी औषध लागू पडण्याची वेळ निघून जाते.

@अर्धाकप, तुमचे नातेवाईक चूक नाहीत, त्यांच्या काळच्या पुस्तकात तेच होते. १९७३ साली बबून माकडांवर झालेले प्रयोग त्यामागच्या पुराव्यांत महत्त्वाचे आहेत. फिट सव्वा-दीड तासाच्या पुढे लांबली की मेंदूतल्या पेशी मरताना दिसल्या. स्नायू औषधाने शिथिल करून, कृत्रिम श्वास देऊन, ऑक्सिजन आणि रक्तदाब सांभाळूनही नुकसान पूर्ण टळले नाही. म्हणजे नुसत्या अंगाच्या झटक्यांमुळे नव्हे, मेंदूतल्या विद्युत गोंधळानेच पेशी खचतात. या सगळ्यातून तीस मिनिटांची रेघ रूढ झाली. पण ती नुकसान कधी होते त्याची रेघ होती. उपचार कधी सुरू करायचे हा वेगळा प्रश्न. १९९९ मध्ये लोवेनस्टाइन, ब्लेक आणि मॅक्डोनाल्ड यांनी मांडले की जी फिट पाच मिनिटांत थांबली नाही ती आपोआप थांबण्याची शक्यता झपाट्याने कमी होते, तेव्हा उपचारासाठी पाचचाच आकडा धरा. २०१५ मध्ये इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने दोन्ही घड्याळे एकाच व्याख्येत आणली: सर्वांगाच्या झटक्यांच्या फिटला पाच मिनिटांनी उपचार, तीस मिनिटांनंतर कायमच्या नुकसानीचा धोका. शुद्ध हरपलेली पण अंगाच्या एखाद्या भागापुरती फिट असेल तर हेच आकडे दहा आणि साठ आहेत.

आता लवकर औषध का, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण एकदा ते कळले की नातेवाईकांचा हात स्प्रेकडे आपोआप जातो.

मेंदूत गाबा नावाचे रसायन पेशींना शांत ठेवते. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम ही सगळी औषधे गाबाच्याच रिसेप्टरवर (पेशीवर ते रसायन जिथे बसते त्या जागेवर) काम करतात, म्हणजे गाडीला असलेलाच ब्रेक ती जोरात दाबतात. फिट चालू राहिली की पेशी हे रिसेप्टर आपल्या पृष्ठभागावरून आत ओढून घेऊ लागतात. दाबायला ब्रेकच कमी उरतात. त्याच वेळी उत्तेजना वाढवणारे एनएमडीए रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात. म्हणून पाचव्या मिनिटाला ज्या डोसने फिट थांबली असती तोच डोस चाळिसाव्या मिनिटाला निष्प्रभ ठरतो, आणि मग आयसीयू, व्हेंटिलेटर, सगळी वरात निघते.

वाडीकर

मान्य. चुलते आता नाहीत, पण घरात भाचीला आहे, तिच्यासाठी हा स्प्रे विचारतो डॉक्टरांना.

दुपारची_झोप

वाचनखूण साठवली. एक शंका: ही औषधे झोपेची ना? घरी नाकात मारली आणि श्वासच बंद पडला तर? आमच्या फॅमिली डॉक्टरांनी "घरी असले काही देत बसू नका, सरळ इकडे आणा" असे सांगितले आहे.

स्टेथो

ही भीती सगळ्यांनाच असते, डॉक्टरांनाही. म्हणून यावर झालेला एक अभ्यास सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत अॅम्ब्युलन्समधल्या पॅरामेडिकनी स्टेटसच्या रुग्णांना लोराझेपाम, डायझेपाम किंवा नुसते औषधविरहित इंजेक्शन दिले. कुणाला काय मिळाले ते त्यांनाही ठाऊक नव्हते. निकाल २००१ मध्ये आले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत फिट थांबलेले रुग्ण लोराझेपाममध्ये ५९ टक्के, डायझेपाममध्ये ४३, औषध न मिळालेल्यांत २१. आणि श्वासाची किंवा रक्ताभिसरणाची गुंतागुंत? दोन्ही औषधांच्या गटांत दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास, तर औषध न मिळालेल्यांत २२ टक्क्यांवर. चालू राहिलेली फिट औषधापेक्षा जास्त श्वास कोंडते.

म्हणजे औषध अगदी निरुपद्रवी आहे असे नाही. दिल्यानंतर माणसाला कुशीवर ठेवून छातीची हालचाल बघत बसायचे, ओठांच्या रंगावर लक्ष ठेवायचे, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्यापेक्षा जास्त द्यायचे नाही. दारू किंवा इतर झोपेच्या गोळ्या पोटात असतील तर १०८ ला आधीच सांगायचे. तुमच्या डॉक्टरांशी हा विषय पुन्हा काढा. क्लिनिक रस्त्यापलीकडे असेल आणि फिट कधीच लांबलेली नसेल तर त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण वीस मिनिटांवर असेल तर "इकडे आणा" म्हणजे औषध पंचविसाव्या मिनिटाला.

त्याहून मोठी चूक मी रोज बघतो ती अर्ध्या डोसची. भीतीपोटी थोडेसे द्यायचे, मग पुन्हा थोडेसे. या आजारात पहिलाच डोस पूर्ण हवा.

नाक्यावरचा_केमिस्ट

डोसवरून आठवले, दुकानात होणारा घोळ सांगतो. मिडाझोलामच्या नेझल स्प्रेच्या बाटल्या सारख्याच दिसतात, पण एका फवाऱ्यातले औषध सारखे नसते. काहींत फवाऱ्याला ०.५ मिग्रॅ, काहींत १.२५ मिग्रॅ. साधारण हिशेब वजनाच्या किलोला ०.२ मिग्रॅ असा धरतात, म्हणजे वीस किलोच्या मुलाला ४ मिग्रॅ. पहिल्या बाटलीतून तो आठ फवाऱ्यांत जातो, दुसरीतून तीनच्या आसपास. आता चिठ्ठीवर नुसते "दोन फवारे" लिहिलेले असेल आणि दुकानदाराने वेगळ्या कंपनीची बाटली दिली तर काय होईल बघा. म्हणून डॉक्टरांकडून मिग्रॅ आणि फवारे दोन्ही लिहून घ्या, नाव बदलून बाटली मिळाली तर घरी नेण्याआधी फोन करून विचारा. मुलाचे वजन वाढते तसा डोसही बदलतो, हे तर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

औषध शेड्यूल एच-वन मधले आहे, चिठ्ठीशिवाय मागू नका, आम्हाला रजिस्टरला नोंद करावी लागते. त्यावरून काउंटरवर वाद घालणाऱ्यांना साष्टांग दंडवत.

आणखी एक. फिटचा पेशंट घरात असेल तर दुसऱ्या कुठल्याही आजाराच्या डॉक्टरला ते आधी सांगा. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, सिप्रो-ओफ्लॉक्स जातीची अँटिबायोटिक्स फिटची शक्यता वाढवू शकतात. व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध चालू असताना हॉस्पिटलात मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लावले तर व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी धाडकन खाली येते.

रानजाई

फवाऱ्यांचा मुद्दा लाखमोलाचा. आमच्या बाटलीवर मी मार्करने "पूर्ण डोस = इतके फवारे" लिहून ठेवले आहे, कारण त्या क्षणी कुणाला बेरीज सुचत नाही. नवी बाटली असेल तर आधी हवेत दाबून पंप भरून घ्यावा लागतो, नाहीतर पहिले दाबणे कोरडेच जाते. आणि सगळे एकाच नाकपुडीत मारू नये, आलटून पालटून. जास्त झाले की घशात उतरते.

मोखाड्याची_सिस्टर

मी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आहे. इथले सांगते. आमच्याकडे पेशंट जीपमधून येतो तेव्हा फिट सुरू होऊन किती वेळ झाला हे कुणालाच माहीत नसते. "सकाळी गुरे सोडली तेव्हा" असे उत्तर येते. आधी भगताकडे जाऊन आलेले असतात हेही आता चिडून सांगत नाही, विचारून घेते, कारण तिथे काही पाजले असेल तर ते कळायला हवे.

पुस्तकात लोराझेपाम पहिले, पण त्याचे इंजेक्शन थंडीत ठेवावे लागते. आणि आमच्या आयएलआरमध्ये (लशींच्या फ्रीजमध्ये) लशींशिवाय दुसरे काही ठेवायचे नसते. मिडाझोलाम बाहेरच्या तापमानाला राहते, मांडीत देता येते, शीर शोधत बसावे लागत नाही. झटके येणाऱ्या हातात सुई लावून बघा म्हणजे कळेल.

दोन गोष्टी शहरातल्या लोकांसाठीही. गरोदर बाईला, किंवा बाळंत होऊन थोडेच दिवस झालेल्या बाईला फिट आली तर ती एक्लॅम्पसिया (गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबातून येणारी फिट) धरूनच चालायचे. घड्याळ बघायचे नाही, लगेच हलवायचे. तिथे पहिले औषध मॅग्नेशियम सल्फेट. आम्ही दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम देऊन मगच पुढे पाठवतो. आणि रांगत्या-चालत्या लेकराला ताप नसताना एकदम फिट आली तर देवघरातली कापराची डबी बघा. कापूर गिळला की थोड्याच वेळात फिट येऊ शकते, तोंडाला वास येतो. उलटी करवू नका, डबी सोबत घेऊन या. गणपतीच्या दिवसांत ही डबी आरतीच्या ताटात, जमिनीलगतच असते.

स्टेथो

सिस्टर, सलाम. मांडीतल्या इंजेक्शनला भक्कम पुरावा आहे. रॅम्पार्ट नावाचा अमेरिकेतला अभ्यास, २०१२. अॅम्ब्युलन्समध्ये शिरेतून लोराझेपाम विरुद्ध स्नायूत मिडाझोलाम. शिरेतले औषध पोचल्यावर लवकर काम करते, साधारण दीड मिनिटात. पण शीर मिळून ते द्यायलाच जवळपास पाच मिनिटे लागली. मांडीतले एक-सव्वा मिनिटात दिले गेले आणि सव्वातीन मिनिटांत लागू पडले. हॉस्पिटलच्या दारात फिट थांबलेले ७३ टक्के विरुद्ध ६३. चाळीस किलोच्या वर १० मिग्रॅ, १३ ते ४० किलोला ५ मिग्रॅ असा सरळ हिशेब होता. अशा वेळी हिशेब जितका साधा तितका बरा.

लीड्सवासी

इथे यूकेत मुलीच्या शाळेत तिची लेखी केअर प्लॅन आहे. औषध गालात द्यायचे मिडाझोलाम, आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये येते, वयाप्रमाणे सिरिंजचा रंग वेगळा. एक ते पाच वर्षांखाली ५ मिग्रॅ, पाच ते दहाखाली साडेसात, दहाच्या पुढे १०. गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत हळूहळू सोडायचे. दातांच्या आत जायचे नाही, त्यामुळे चावण्याचा प्रश्न नाही. वर्गशिक्षिकेपासून बसमधल्या मदतनिसापर्यंत सगळ्यांना प्रशिक्षण. भारतात सुट्टीला येताना औषध हातातल्या बॅगेत ठेवतो, डॉक्टरांच्या पत्रासह. सामानाच्या पोटात कधीच नाही.

माझी बहीण नाशिकला शिक्षिका आहे. तिच्या शाळेत पालक आजार लपवतात, कारण कळले की सहलीला नेत नाहीत. मग शाळेला दोष द्यायचा की पालकांना? मला तरी दोन्ही बाजू कळतात.

अर्धाकप

मुलीच्या बाबतीत तर लपवणे लग्नापर्यंत चालते. अवांतर, पण १९९९ सालीच हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीचा उल्लेख काढला गेला, म्हणजे नुसत्या या आजाराच्या कारणावरून विवाह रद्द होत नाही. घराघरात मात्र तो जुना कायदाच चालू आहे. परिणाम या धाग्याशी जोडलेला: सासरी गोळ्या लपवून घ्यायच्या, मग कधी चुकायच्या, आणि गोळी चुकणे हे स्टेटसचे मोठे कारण. बरोबर ना, स्टेथो?

स्टेथो

अगदी बरोबर. ज्यांना आधीपासून एपिलेप्सी आहे त्यांच्यात गोळी चुकणे किंवा एकदम बंद करणे हेच वारंवार सापडते. गावी गेलो, गोळ्या संपल्या. निर्जळी उपवास होता. वर्षभर फिट नाही म्हणून स्वतःच सोडल्या. बाहेरचे औषध सुरू केले आणि त्या वैद्याने "इंग्रजी बंद" म्हटले. उपवासाला घोटभर पाण्यासोबत गोळी घेतल्याने कुठलाही देव रागावत नाही, असे मी ओपीडीत सर्रास सांगतो.

ज्यांना कधीच फिट आलेली नाही अशांत कारणे वेगळी. म्हातारपणी स्ट्रोक. मधुमेहात साखर उतरणे, म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर बोटाला टोचून बघा, पण साखरेचे पाणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतू नका. सोडियम कमी होणे. दारू एकदम सुटणे. मेंदूज्वर, आपल्याकडे टीबीचाही. मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठी. लहान मुलांत ताप. पहिलीच फिट, पाण्यात आलेली फिट, डोक्याला मार, गरोदरपण, मधुमेह, किंवा झटके थांबूनही श्वास नीट नाही, यांतले काहीही असेल तर पाच मिनिटे मोजायची नाहीत, लगेच १०८.

तिरफळ

वडिलांना स्ट्रोकनंतर फिट आली. रुग्णालयात नेल्यावर इंजेक्शनने हातपाय थांबले, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण ते जागे होईनात. "औषधाची झोप आहे" असे सांगितले गेले. बराच वेळ गेला तरी तसेच. आईच्या लक्षात आले की डोळे एकाच बाजूला वळलेले आहेत आणि ओठाचा कोपरा बारीक फडफडतोय. तिने ते सारखे सांगून सांगून ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) करायला लावला. फिट आत चालूच होती. हे कसे असू शकते?

स्टेथो

तुमच्या आईंचे निरीक्षण कित्येक निवासी डॉक्टरांना लाजवेल. याला झटक्यांविना स्टेटस म्हणतात. अंग थकते किंवा औषधाने शांत होते, मेंदूतला गोंधळ थांबलेला नसतो. १९९८ च्या एका अभ्यासात झटके थांबल्यावर रुग्णांना सलग ईईजी लावून ठेवला, तेव्हा १४ टक्क्यांमध्ये असे स्टेटस सापडले. नेहमीच्या फिटनंतर माणूस गुंगीत असतो, पण हळूहळू वर येतो: आधी कण्हतो, हाक मारली की डोळे किलकिले करतो, मग ओळखतो. हा चढता क्रम दिसत नसेल, वीस-तीस मिनिटांत काहीच फरक नसेल, तर नातेवाईकांनी सरळ विचारावे: "फिट आत चालू नाही ना? ईईजी करता येईल का?" जिथे ईईजी नाही तिथून तो असलेल्या ठिकाणी हलवायला सांगावे. यात उद्धटपणा काही नाही.

याची उलटी बाजूही आहे. प्रत्येक लांबलेला झटका एपिलेप्सीचा नसतो. मानसिक ताणातून येणारे, पण मुद्दाम न केलेले झटके असतात. डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवी हलणे, मधेच थांबून पुन्हा सुरू होणे, अशा खुणांवरून शंका येते. पण घरच्यांनी "नाटक करते" असा निकाल देऊ नये. मोठ्या अभ्यासांतही अनुभवी डॉक्टरांनी अशा काही रुग्णांना स्टेटस समजून औषध दिलेले आहे.

दुपारची_झोप

हॉस्पिटलात पोचल्यावर काय करतात ते थोडक्यात सांगाल का? सासूबाईंच्या वेळी आम्हाला बाहेर बसवले आणि एकामागून एक सह्या घेतल्या, कशाच्या ते कळलेच नाही.

स्टेथो

आधी श्वास, ऑक्सिजन, साखर, शीर. पहिल्या गटातले (लोराझेपाम, मिडाझोलाम वगैरे) औषध पुरेशा डोसने दिलेले नसेल तर ते. घरी स्प्रे मारला असेल तर किती मिग्रॅ आणि किती वाजता हे सांगा, बाटलीच दाखवा.

त्यानेही थांबले नाही तर दुसरा गट, शिरेतून: लेव्हेटिरासेटम, फॉस्फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट. २०१९ च्या एसेट अभ्यासात या तिघांची समोरासमोर तुलना झाली आणि तिन्ही सारखीच निघाली. प्रत्येकाने जवळपास निम्म्या रुग्णांची फिट थांबली. म्हणजे "अमुकच इंजेक्शन का नाही दिले" यावर भांडण्यात अर्थ नाही, वेळेत दिले का हे महत्त्वाचे. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात टाळतात. साधे फेनिटॉइन देत असतील तर ते सलाइनमध्येच, ग्लुकोजच्या बाटलीत त्याचा साका होतो, आणि सावकाश, हृदयाचा मॉनिटर लावून. घाईघाईत दिले तर रक्तदाब पडतो, म्हणून "इतका वेळ का लावताय" असे नर्सला ओरडू नका.

तेही हरले तर आयसीयू. पेशंटला पूर्ण झोपवून, व्हेंटिलेटरवर घेऊन, मिडाझोलाम, प्रोपोफोल, थायोपेंटॉन किंवा केटामिन सतत चालू ठेवतात. सह्या बहुधा त्यासाठीच असतात. केटामिन त्या दुसऱ्या, एनएमडीए रिसेप्टरवर काम करते, वर लिहिले आहे बघा. इथवर आलेल्यांत धोका मोठा असतो. त्याच्या बरोबरीने कारण शोधणे चालू: सीटी, एमआरआय, पाठीतले पाणी.

वाडीकर

सर्दीने नाक चोंदले असेल तर स्प्रे लागू पडेल का? भाचीला बारा महिने सर्दी.

स्टेथो

कमी शोषला जातो. आधी नाक पुसून घ्या. अशा मुलांसाठी मी गालात द्यायचा पर्याय चिठ्ठीवर वेगळा लिहून देतो. तुमच्या डॉक्टरांकडून तसा लिहून घ्या, इथले वाचून डोस ठरवू नका. पूर्वी डायझेपामची गुदमार्गाने द्यायची ट्यूब असे, अजूनही लिहितात, काम उत्तम करते. फक्त रेल्वेच्या डब्यात ती देणे कुणाला जमत नाही.

दुपारची_झोप

१०८ वर काय बोलायचे? मागे एकदा पत्ता सांगण्यातच वेळ गेला.

मोखाड्याची_सिस्टर

"फिट इतक्या वाजता सुरू झाली, अजून थांबलेली नाही, वय इतके, आधी आजार आहे किंवा नाही, हे औषध इतके दिले." पत्ता सांगताना गावाचे नाव, तालुका, आणि मोठ्या रस्त्यावरची ठळक खूण: शाळा, पेट्रोल पंप, देऊळ. एक माणूस टॉर्च घेऊन रस्त्यावर उभा करा. फोन चालू ठेवा. गाडी यायला वेळ असेल आणि तुमच्याकडे वाहन असेल तर फोनवरच विचारा की अर्ध्या वाटेत भेटता येईल का. गाडीत पेशंट मागच्या सीटवर कुशीवर, बसवून नाही.

लीड्सवासी

@रानजाई, आत्ताच बहिणीशी बोललो. शाळेच्या सहलीसाठी पालकांनी काय लिहून द्यावे, असा तिचा प्रश्न आहे.

रानजाई

एका कागदात मावेल एवढेच: मुलाचे नाव, फिट कशी दिसते, नेहमी किती वेळ चालते, किती मिनिटांनी कोणते औषध किती फवारे, डॉक्टरांची सही, पालकांचे दोन नंबर. सोबत मूळ खोक्यातली बाटली. आम्ही भावाच्या कॉलेजलाही तोच कागद दिला होता. त्यांनी आधी कुरकुर केली, मग खोलीतल्या दोन मुलांना सरावासाठी बसवले.

नाक्यावरचा_केमिस्ट

आणि खोक्यावरची एक्सपायरी बघा. न वापरलेली बाटली वर्षानुवर्षे पर्सच्या तळाशी पडून असते. उघडल्यावर किती दिवस चालते ते कंपनीप्रमाणे वेगळे, आतल्या कागदावर छापलेले असते, तारीख बाटलीवर लिहून ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.